भाच्याच्या विमानाची ऑइल लाइन

माझा भाचा टेक्सासात घरच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय. इंजिन घेतलंय माझदाच्या जुन्या आरएक्स-७ गाडीतलं १३बी, रोटरी. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. दोन तिकोनी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसीचे. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी वेगळी. तिच्यात अख्खे सिलिंडरच गरगर फिरायचे.) मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रांचे होज, म्हणजे दाबाच्या ऑइलच्या नळ्या, क्रिम्प करणारा (टोकाला फिटिंग दाबून बसवणारा) माणूस. विमानातलं मला काय कळणार? पण होजचा विषय निघाला की पोराला मामाच आठवतो.

या इंजिनात ऑइल नुसतं वंगणाला नसतं. रोटर आतून पोकळ असतात आणि शाफ्टमधल्या जेटमधून ऑइल त्यांच्या पोटात फवारलं जातं. पाणी फिरतं ते बाहेरच्या हाउसिंगमधून, म्हणजे कवचातून, त्यामुळं रोटरची उष्णता काढायची ती ऑइलनंच. इंजिन थंड ठेवण्याच्या कामातला साधारण तिसरा हिस्सा ऑइलच्या अंगावर.

गंमत अशी की विमानात हे इंजिन पुढचं मागं करून बसतं. प्रोपेलरचा गिअरबॉक्स फ्लायव्हीलच्या बाजूला, म्हणून गाडीतलं पुढचं कव्हर इथं फायरवॉलकडं (इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक पडद्याकडं) तोंड करून. पंपाकडून ऑइल-कूलरला जाणारं ऑइल निघतं त्याच कव्हरमधून, आणि थंड होऊन शिरतं दुसऱ्या टोकाला, प्रोपेलरकडं. म्हणजे एका होजला इंजिनची अख्खी लांबी कापायची. एक्झॉस्ट आणि इनटेक एकाच अंगाला असतात, तेव्हा मी सांगितलं, होज पलीकडच्या, स्पार्क प्लगच्या अंगानंच ने. रोटरीचा एक्झॉस्ट पिस्टनवाल्यापेक्षा लई तापतो, त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

फिटिंगचं मात्र माझ्या घरचंच निघालं. विमानवाल्यांचं एएन मापाचं दहा नंबर फिटिंग म्हणजे आमच्याकडच्या हायड्रॉलिक होजच्या जेआयसी फिटिंगसारखाच ३७ अंशांचा कोन आणि ७/८-१४ चा (७/८ इंची, इंचाला १४) आटा. फोटोत नट बघितला आणि जीव भांड्यात पडला.

प्रेशरवरून मात्र वाजलं. तो म्हणतो, गेज ७० पीएसआय दाखवतंय, साधा होज चालेल. अरे बाबा, गेज कुठं आहे? कूलरच्या नंतर, फिल्टरपाशी. प्रेशर नेमून देणारा रेग्युलेटरही त्याच टोकाच्या, प्रोपेलरकडच्या हाउसिंगमध्ये. थंडीत सकाळी घट्ट ऑइल कूलरमधून ढकलायचं म्हणजे पंपाकडच्या होजला गेजपेक्षा कितीतरी जास्त सोसावं लागतं. होज त्या हिशेबानं घ्यायचा.

मग लांबी. त्यानं मोजून तंग कापला होता. तारेचा होज प्रेशरखाली आखडतो, मीटरमागं चार सेंटिमीटरपर्यंत.

"मामा, एवढा ढिला ठेवला तर हलंल की."

"हलू दे. इंजिन रबरी माउंटवर हलणार, फायरवॉल जागची हलणार नाही. दोघांचं भांडण होजनंच सोसायचं असतंय."

ढिला म्हणजे लोंबता नव्हे. मध्ये रबर लावलेला क्लॅम्प हवाच, नाहीतर होजवरची स्टीलची जाळी कानशीसारखी शेजारचं ॲल्युमिनियम खाते. आणि नट आवळताना दुसरा पाना लावून होज धरायचा. अंगावर लांबीनं आखलेली रेघ सरळ राहिली पाहिजे. ती फिरली की पीळ पडला समजा.

वरून विटकरी रंगाची फायरस्लीव्ह, काचतंतूंवर सिलिकॉन चढवलेली. तिची कापलेली तोंडं सिलिकॉननं बुजवून पट्टीनं आवळायची. उघडी राहिली की आतले तंतू ऑइल शोषून घेतात, आणि आगीपासून वाचवायला घातलेली स्लीव्हच तेलानं भिजून बसते. हे त्यानं नीट केलंय. मी व्हिडिओ कॉलवर चारही टोकं झूम करून बघितली.

फिल्टरचा वाद अजून मिटलेला नाही. बदलायला सोपा जावा म्हणून त्याला तो फायरवॉलवर न्यायचाय. माझं म्हणणं, त्यात दोन होज आणि चार जोड वाढतात, आणि गळती असते ती जोडालाच. शिवाय कूलरमधला कचरा फिल्टर अडवतो, पण फिल्टरनंतरच्या होजमध्ये कापताना राहिलेला कण थेट बेअरिंगमध्ये. रविवारी परत बोलणं आहे. तोवर त्यानं ताईला मध्ये घातलं नाही म्हणजे मिळवली.