कॅडेट ते फ्लीट ॲडमिरल: एक्सपीवरच्या पिनबॉलचा माझा अनुभव

विंडोज एक्सपीवरचा पिनबॉल आपल्यापैकी बहुतेकांनी खेळलाय, पण त्यातली मिशन्स मन लावून पूर्ण करणारे फार थोडे. मी लालबागला एका डीटीपीच्या दुकानात काम करते. तिथला एक पीसी अजून एक्सपीवरच ठेवलाय, कारण पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइली आणि श्रीलिपी या मराठी फाँटातला मजकूर त्यावर बिनतक्रार उघडतो. गणपतीआधी पावतीपुस्तकं आणि अहवाल यांत मान वर करायला फुरसत नसते. विसर्जन झालं की दुकान थंड. त्या दिवसांत मी हा खेळ नीट शिकायला घेतला. गाठायचा होता सगळ्यात वरचा हुद्दा, फ्लीट ॲडमिरल.

‘स्पेस कॅडेट’ नावाचं हे टेबल सिनेमॅट्रॉनिक्सने बनवलं आणि १९९५ मध्ये ते विंडोज ९५ च्या प्लस! पॅकमधून लोकांपर्यंत पोहोचलं. असेल कॉम्प्युटरवरचं, पण चाल सगळी जुन्या यंत्रांचीच: बॉल सोडायचा स्प्रिंगचा दांडा, बॉलला उसळवणारे बंपर, चढाचा रॅम्प आणि खाली बॉल परत वर मारायचे दोन फ्लिपर. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात पहिल्यांदा फ्लिपर आले आणि पिनबॉल खेळणाऱ्याच्या हातात आला. त्याआधी बॉल सोडला की पुढचं बरंचसं नशिबावर.

आता नियम. एका डावात तीन बॉल. डावा फ्लिपर झेड, उजवा स्लॅश, बॉल सोडायला स्पेसबार. बंपरवर बॉल आपटत राहिला की आवाज खूप होतो, आकडे पळतात आणि मोठं काही चाललंय असं वाटतं. पण निळ्या रंगाच्या अटॅक बंपरला एका टोल्याचे ५०० मिळतात. एक साधं मिशन पूर्ण केलं तर ५,००,०००. हा फरक एकदा ध्यानात आला की सगळा खेळ बदलतो.

मिशन घ्यायची रीत अशी: मिशन टार्गेटवर बॉल मारून मिशन निवडायचं, मग तो लाँच रॅम्पवर चढवायचा, म्हणजे ते सुरू होतं. टेबलाच्या मध्यभागी दिव्यांचं गोल कडं आहे. त्यात १८ दिवे. मिशन संपलं की त्यातले काही पेटतात, कडं पूर्ण भरलं की बढती. कॅडेट या पहिल्या हुद्द्याला चार मिशन्स मिळतात. टार्गेट प्रॅक्टिसमध्ये अटॅक बंपरवर आठ टोले, लाँच ट्रेनिंगमध्ये रॅम्प तीनदा, रीएंट्री ट्रेनिंगमध्ये वरच्या लेनमधून तीनदा जायचं; प्रत्येकाचे सहा दिवे. सायन्स मिशनमध्ये नऊ ड्रॉप टार्गेट (बॉल लागला की खाली जाणारी) पाडायची, त्याचे नऊ दिवे आणि ७,५०,००० गुण. म्हणजे सायन्स दोनदा केलं तरी बढती. तरी मी सुरुवात टार्गेट प्रॅक्टिसनेच करते, कारण बॉल वर गेला की बंपर आपलं काम आपणच करतात.

मिशन चालू असताना इंधन संपत जातं. त्याचे दिवे एकेक करून विझतात आणि शेवटचा विझला की मिशन रद्द. फ्युएलची तिन्ही टार्गेट लागली की टाकी पुन्हा भरते. दिवे निम्म्यावर आले की मी मिशन बाजूला ठेवून आधी टाकी भरते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला तो बॉल थांबवायला. आमचे मालक, काका, मंडळाच्या कॅरम स्पर्धा खेळलेले. मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, “अगं, घाई कुणाला आहे? नेम धरल्याशिवाय आपण स्ट्रायकरला बोट लावतो का?” अगदी हेच. उजव्या बाजूने बॉल घरंगळत येताना स्लॅश दाबूनच ठेवायचं. उचललेल्या फ्लिपरच्या बेचक्यात बॉल येऊन टेकतो, एकदोनदा हलतो आणि थांबतो. बोट उचललं की फ्लिपर खाली येतो आणि बॉल टोकाकडे सरकायला लागतो. तिथे मारायची वेळ चुकवायची नाही. लवकर मारला तर एकीकडे जातो, टोकाजवळ मारला तर दुसरीकडे. रॅम्पची नेमकी जागा या दोहोंच्या मध्ये. ती डोळ्यांना नाही, बोटांनाच कळते.

एक्स, पूर्णविराम आणि वरचा बाण यांनी टेबलाला धक्का देता येतो. हलका धक्का बॉल वाचवतो, लागोपाठ दिले तर टिल्ट होतं आणि फ्लिपर मरतात. मी एका बॉलला एकच धक्का राखून ठेवते.

बॉल सोडतानाही कमाई आहे. दांडा अर्धवट ओढून बॉल सुरुवातीच्या वाटेवरच्या तिसऱ्या दिव्यापर्यंतच नेला तर ७५,००० मिळतात. त्यापुढे गेला की कमी. जोर लावला म्हणजे जास्त मिळतं असं इथे नाही. न्यूयॉर्कमध्ये जुगार म्हणून पिनबॉलवर बंदी होती. ती उठवण्यासाठी १९७६ मध्ये रॉजर शार्प या पिनबॉलपटूने अधिकाऱ्यांसमोर असाच दांडा ओढला होता. बॉल मधल्या लेनमधून जाईल असं त्यांनी आधी सांगितलं आणि तो तिथूनच गेला. हा नेमाचा खेळ आहे, जुगार नाही, हे अधिकाऱ्यांना पटलं.

लेफ्टनंट, कॅप्टन, कमांडर, कमोडोर असे हुद्दे चढत गेले तशी मिशन्स लांबली. सिक्रेट मिशनमध्ये तीन रंगांचे वर्महोल, म्हणजे बॉल गिळणारी भोकं, ठरलेल्या क्रमाने घ्यावे लागतात. मेलस्ट्रॉम हे मिशन तर टप्प्याटप्प्यांची माळच. पण त्याचे एकट्याचे ५०,००,००० गुण आणि पूर्ण १८ दिवे. फ्लीट ॲडमिरल झाले तेव्हा दुसरा बॉल टेबलावर होता आणि तिसरा शिल्लक. काकांनी पुढची खुर्ची ओढली आणि म्हणाले, “आता नवा डाव सुरू करायला एफटू दाब, दोघांचा डाव लाव. पहिला बॉल माझा.”