आयर्लंडच्या पोलीसप्रमुखांची निवृत्ती

२०२४ च्या दिवाळीत मी कोल्हापुरात होतो. निवडणूक आयोगाने राज्याच्या पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला यांना पदावरून हटवले, तेव्हा बिंदू चौकात जमलेल्या आमच्या मंडळींपैकी एकाने "काढलं न्हवं, मग विषय संपला की!" असा निकालच देऊन टाकला. निवडणूक आटोपताच त्या पुन्हा त्याच पदावर आल्या. मी डब्लिनमध्ये राहतो, आणि तेथील पोलीसप्रमुख पायउतार झाले तेव्हा खुद्द त्यांच्या जाण्याचीच चौकशी झाली. ती हकीकत मला गावाकडच्या वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

गार्डा हे आयर्लंडचे राष्ट्रीय पोलीस दल, आणि आयुक्त हे त्याचे प्रमुख. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्या वाहनचालकांच्या नावावर पडणारे दंडाचे गुण (पेनल्टी पॉइंट) आतल्या आत रद्द केले जातात, अशी तक्रार सार्जंट मॉरिस मॅकेब यांनी केली होती. जानेवारी २०१४ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीपुढे आयुक्त मार्टिन कॅलिनन यांनी अशा तक्रारदारांचे वागणे किळसवाणे असल्याचे म्हटले आणि देशभर संताप उसळला. त्यातच पोलीस ठाण्यांतील दूरध्वनी संभाषणे वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रित होत असल्याचे प्रकरण पुढे आले. कॅलिनन यांनी त्याविषयी १० मार्चला न्याय खात्याला पत्र लिहिले होते. मंत्री ॲलन शॅटर यांच्या हाती ते पडले २५ मार्चला, आयुक्तांनी निवृत्ती जाहीर केली त्याच दिवशी.

त्याच्या आदल्या रात्री जे घडले, ते मला सर्वांत गंभीर वाटते. तेव्हा लागू असलेल्या २००५ च्या कायद्याप्रमाणे आयुक्तांना हटवण्याचा अधिकार सरकारचा होता, आणि तो वापरताना कारणे कळवून त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागे. असे असताना पंतप्रधान एन्डा केनी यांनी न्याय खात्याचे सचिव ब्रायन पर्सेल यांना रात्री आयुक्तांच्या घरी पाठवले. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या फेनेली आयोगाने २०१५ च्या अंतरिम अहवालात निष्कर्ष काढला की निवृत्तीचा निर्णय कॅलिनन यांचा स्वतःचाच होता, परंतु त्याला तात्कालिक कारण झाली ती पर्सेल यांची भेट. दबाव आणण्याचा केनी यांचा हेतू नव्हता, असेही आयोगाने म्हटले. हे शेवटचे वाक्य पचवणे मला जड जाते, कारण पंतप्रधानांचा निरोप घेऊन खात्याचा सचिव रात्री दारात उभा राहिल्यावर कोणता अधिकारी त्याचा वेगळा अर्थ लावेल? केनी पदावर राहिले, तरी त्यांना आयोगापुढे साक्ष द्यावी लागली आणि ती रात्र अहवालरूपाने लोकांसमोर आली.

शॅटर यांनी मे २०१४ मध्ये राजीनामा दिला. मॅकेब यांच्या तक्रारींविषयीच्या ज्या वेगळ्या अहवालामुळे ते गेले, त्यात त्यांची बाजू ऐकून घेतली गेली नव्हती, असे न्यायालयांनी पुढे ठरवले. मंत्र्यांच्या बाबतीतही हा नियम मोडता कामा नये, असे मी मानतो.

आपल्याकडे प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली महासंचालकांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असा आदेश दिला. तो मोडून कोणाला हलवले, तर कोणी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या कारणाने हलवले, याचे लेखी निवेदन गृहमंत्र्यांनी विधिमंडळात करावे, आणि ते झाले नाही तर ही मागणी कोल्हापूरच्या आमदारांनी सभागृहात लावून धरावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.