गोळी नेमकी कशासाठी?

"वजन काही उतरत नाही, मग ही थायरॉइडची गोळी रोज कशाला घ्यायची?" असे म्हणत नौपाड्यातील औषधाच्या दुकानात आज एका काकूंनी गोळ्यांची बाटली काउंटरवरून परत सरकवली आणि फक्त कॅल्शियम घेऊन त्या निघून गेल्या.

थायरॉइड मंदावले की यकृतातील एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, टिपून घेणारे रिसेप्टर (पेशींवरचे ग्राहक रेणू) कमी होतात आणि ते कोलेस्टेरॉल रक्तातच रेंगाळते. शिवाय रक्तवाहिन्यांचे आतील अस्तर पुरेसे नायट्रिक ऑक्साइड (वाहिन्या सैल करणारा वायू) तयार करीत नसल्याने त्या हव्या तशा सैलावत नाहीत आणि रक्तदाबाचा खालचा आकडा चढू लागतो. लेव्होथायरॉक्सिनने, म्हणजे याच गोळीने, टीएसएच (थायरॉइड मंदावले की रक्तात वाढणारे, त्याला चालना देणारे संप्रेरक) ताळ्यावर आला की एलडीएल उतरते आणि वाहिन्यांची लवचीकताही बऱ्याच अंशी सुधारते. वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही.

मात्र गोळी जास्त झाली तर हृदयाची लय बिघडू शकते, आणि टीएसएच जेमतेम वाढलेल्या वृद्धांना २०१७ च्या 'ट्रस्ट' नावाच्या वैद्यकीय चाचणीत या गोळीने लक्षणांत फरक पडला नव्हता. म्हणून ती चालू ठेवणे काय किंवा बंद करणे काय, हा निर्णय काउंटरवर घेण्याचा नव्हेच.

तुमच्या डॉक्टरांनी टीएसएचच्या अहवालाशेजारी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलसह रक्तातील चरबीचा अहवाल) ठेवून हे कधी समजावले आहे का?