श्रीलंकेची ‘अंतर्गत बाब’ आणि जिनिव्हाचे ठराव

सप्टेंबर १९९०मध्ये कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावर विरोधी पक्षाच्या एका खासदाराला पोलिसांनी अडवले. तो जिनिव्हाला निघाला होता. त्याच्या सामानात दक्षिण श्रीलंकेत बेपत्ता झालेल्या सिंहली तरुणांविषयीची पाचशेहून अधिक कागदपत्रे आणि बरीचशी छायाचित्रे होती आणि बेपत्ता व्यक्तींसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यगटापुढे ती मांडण्याचा त्याचा हेतू होता. जनता विमुक्ती पेरामुना या डाव्या पक्षाचे सशस्त्र बंड मोडून काढताना तत्कालीन सरकारने हजारो तरुण मुलांना उचलून नेले होते आणि त्यांच्या आयांना देशातल्या एकाही कचेरीत उत्तर मिळत नव्हते. पोलिसांनी ते सगळे कागद जप्त केले. या खासदारांचे नाव महिंदा राजपक्षे.

पुढे २००५मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००९नंतर त्यांच्याच सरकारने जिनिव्हात, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हा आमच्या सार्वभौमत्वात हस्तक्षेप आहे’ असे उत्तर दिले. एका माणसाचा दुटप्पीपणा दाखवण्यासाठी मी हा प्रसंग सांगत नाही. माझ्या मते १९९०चे राजपक्षे पूर्णपणे बरोबर होते. घरचा दरवाजा बंद असेल तर बाहेर दाद मागावी लागते, हे त्यांना तेव्हा कळले होते, आणि ते जसे सिंहली आईच्या बाबतीत खरे होते तसेच ते उत्तरेतल्या किलिनोच्चीतल्या तमीळ आईच्या बाबतीतही खरे आहे.

सरकार आणि वेगळ्या तमीळ राष्ट्रासाठी लढणारी लिट्टे यांच्यातल्या यादवी युद्धाचा शेवट, म्हणजे २००९चे पहिले पाच महिने, ज्यांनी बातम्यांमधून पाहिले असतील, त्यांना उत्तरेतल्या वन्नीचा तो चिंचोळा किनारा आठवत असेल. सरकारने ‘गोळीबारमुक्त क्षेत्र’ जाहीर करायचे, लाखो लोकांनी तिथे जमायचे आणि मग त्याच क्षेत्रावर तोफगोळे पडायचे, असे एकदा नव्हे तर वारंवार झाले. पुदुक्कुडियिरुप्पूच्या रुग्णालयावरही मारा झाला. दुसऱ्या बाजूला लिट्टेने याच लोकांना ढालीसारखे वापरले, पळून जाणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि शेवटच्या दिवसांतही कोवळ्या मुलांना बळजबरीने लढाईत ओढले. मे महिन्याच्या मध्याला मुल्लिवायक्काल येथे हे सारे संपले. वाचलेल्या पावणेतीन लाखांहून अधिक लोकांना वव्हुनियाजवळच्या मेनिक फार्म आणि इतर छावण्यांत काटेरी तारांच्या आत ठेवण्यात आले.

त्यानंतर अवघ्या काही दिवसांत मानवी हक्क परिषदेचे विशेष अधिवेशन भरले आणि परिषदेने श्रीलंका सरकारचे चक्क कौतुक करणारा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केला. अनुकूल मत देणाऱ्यांत भारत होता. मृतांची मोजणीही झालेली नसताना दिलेल्या त्या मताचे समर्थन मला आजवर कुठल्याही राजनैतिक कारणाने पटलेले नाही. चीन आणि पाकिस्तान यांच्याकडे कोलंबो झुकू नये ही दिल्लीची चिंता समजण्यासारखी होती, पण ती चिंता तटस्थ राहूनही व्यक्त करता आली असती.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या, मार्झुकी दारुसमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन तज्ज्ञांच्या समितीने २०११मध्ये अहवाल दिला. अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे तिने म्हटले आणि दोन्ही बाजूंवरील युद्धगुन्ह्यांचे आरोप विश्वसनीय ठरवले. कोलंबोने हा अहवाल झिडकारला आणि आकडा फुगवलेला असल्याचे सांगितले. आकड्याविषयी वाद असू शकतो. मात्र ज्या सरकारने नाव, गाव, तारीख असलेली मृतांची यादी करण्याचे काम स्वतः प्रामाणिकपणे केले नाही, त्याने दुसऱ्याच्या अंदाजावर बोट ठेवावे हे मला मान्य करता येत नाही.

‘आमच्या संस्था समर्थ आहेत, बाहेरच्यांची गरज नाही’ हा युक्तिवाद तत्त्वतः वजनदार आहे आणि तो तपासायचा तर त्या संस्थांनी केलेल्या कामावरच तपासला पाहिजे. त्रिंकोमालीच्या किनाऱ्यावर २ जानेवारी २००६ रोजी पाच तमीळ विद्यार्थी मारले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुत्तूर येथे एका फ्रेंच मदत संस्थेच्या सतरा स्थानिक कर्मचाऱ्यांची हत्या झाली. या आणि अशाच इतर प्रकरणांसाठी सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याच्या कामावर देखरेख करण्यासाठी परदेशी मान्यवरांचा एक गट बोलावला. या गटाचे अध्यक्ष होते भारताचे माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती. आपल्याकडे जनहित याचिकेचा मार्ग सामान्य माणसासाठी खुला करणाऱ्यांपैकी ते एक. श्रीलंकेविषयी आकस असल्याचा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही. त्यांच्या गटाने २००८मध्ये काम थांबवले आणि सत्य शोधण्याची राजकीय इच्छाशक्तीच दिसत नसल्याचे नोंदवले. त्रिंकोमालीच्या खटल्यातील तेरा पोलीस कमांडो २०१९मध्ये पुराव्याअभावी सुटले. देशात राहून साक्ष देणे जिवावर बेतणारे असल्यामुळे महत्त्वाचे साक्षीदार परदेशी निघून गेले होते. मारल्या गेलेल्या एका मुलाचे वडील त्यांपैकीच एक.

एखादे प्रकरण शेवटापर्यंत गेले तर काय होते, हे जाफना जिल्ह्यातल्या मिरुसुविलने दाखवले. डिसेंबर २०००मध्ये तिथे लहान मुलांसह आठ तमीळ नागरिकांची हत्या झाली. पंधरा वर्षांनी एका लष्करी सार्जंटला फाशीची शिक्षा झाली आणि २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती कायम केली. श्रीलंकेच्या न्यायव्यवस्थेत प्रामाणिक माणसे आहेत याचा हा पुरावा आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. मार्च २०२०मध्ये, सारे जग कोरोनाच्या भीतीने घरात बसलेले असताना, राष्ट्राध्यक्ष गोताबाया राजपक्षे (महिंदांचे धाकटे बंधू) यांनी त्या सार्जंटला माफी देऊन मुक्त केले. फाशीच्या शिक्षेला माझा विरोध आहे, पण शिक्षेचे स्वरूप सौम्य करणे वेगळे आणि आठ माणसांच्या खुन्याला घरी पाठवणे वेगळे.

मधल्या काळात एक संधी आली होती. २०१५मध्ये मैत्रीपाल सिरिसेना निवडून आले, परराष्ट्रमंत्री मंगला समरवीरा यांनी जिनिव्हात वेगळी भाषा वापरली आणि त्या ऑक्टोबरमध्ये जो ठराव मंजूर झाला त्याला श्रीलंका स्वतः सहप्रस्तावक होती. परदेशी न्यायाधीश आणि वकिलांचा सहभाग असलेली विशेष न्याययंत्रणा, सत्यशोधन आयोग, बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यालय, नुकसानभरपाई अशी चार आश्वासने त्यात होती. काही महिन्यांतच राष्ट्राध्यक्षांनी परदेशी न्यायाधीश नकोत असे जाहीर केले. बेपत्ता व्यक्तींचे कार्यालय २०१८मध्ये सुरू झाले, भरपाईचे कार्यालयही झाले, न्यायालय मात्र झालेच नाही. फेब्रुवारी २०१७पासून किलिनोच्ची, वव्हुनिया आणि मुल्लैतीवू येथे रस्त्याकडेच्या मांडवांत मुलांची छायाचित्रे घेऊन बसलेल्या आयांपैकी अनेक जणी उत्तर न मिळताच वारल्या. फेब्रुवारी २०२०मध्ये गोताबाया सरकारने त्या सहप्रस्तावातूनही अंग काढून घेतले.

सिंहली वाचकांच्या मनातला एक राग मला समजतो आणि तो खोटा नाही. ऑगस्ट १९९०मध्ये कात्तानकुडीच्या मशिदींत नमाज पढणाऱ्या शंभराहून अधिक मुसलमानांना लिट्टेने मारले, त्याच वर्षी उत्तरेतल्या हजारो मुसलमान कुटुंबांना घरे सोडायला लावली, १९९६मध्ये कोलंबोच्या सेंट्रल बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घातला. तेव्हा जग कुठे होते, असे ते विचारतात. त्यांनी विचारावे. लिट्टेचे बहुतेक नेते मारले गेले असले तरी त्यांच्या अत्याचारांची नोंदही तेवढ्याच काळजीने व्हायला हवी.

टीका करणाऱ्यांचे हातही स्वच्छ नाहीत. इराक आणि अफगाणिस्तानातल्या स्वतःच्या सैनिकांविषयी मौन पाळणारे देश कोलंबोला धडे देतात. खुद्द संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर २००८मध्ये वन्नीतून आपले परदेशी कर्मचारी काढून घेतले आणि मृतांचे जे अंदाज हाती होते ते उघडपणे मांडले नाहीत. चार्ल्स पेट्री यांनी केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्याच २०१२च्या अंतर्गत अहवालाने हे स्पष्ट शब्दांत कबूल केले आहे. युरोपीय संघाने २०१०मध्ये काढून घेतलेल्या व्यापारी सवलतीची झळ तर सेनापतींना नव्हे, कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांना बसली.

आणि आपण? १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना त्या बेटावर होती. आपले अकराशेहून अधिक जवान तिथे मारले गेले. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईचे. त्यांना तिथल्या लढाईसाठी मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले आणि ते नाव आपण अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवे. पण ऑक्टोबर १९८७मध्ये, ऐन दिवाळीत, जाफना रुग्णालयात शिरलेल्या भारतीय सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मिळून साठहून अधिक माणसे मेली, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? शेजाऱ्याकडे उत्तर मागणाऱ्या देशाने हा हिशोब स्वतःहून मांडायला हवा होता.

इतके दोष मान्य करूनही मी जिनिव्हाच्या ठरावांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण मार्च २०२१च्या ठरावात आहे. तोवरचे बहुतेक ठराव सरकारला आवाहन करत. या ठरावाने मानवी हक्क उच्चायुक्तांच्या कार्यालयाला पुरावे गोळा करण्याचे, जतन करण्याचे आणि पुढे कुठल्याही देशात खटला उभा राहिल्यास उपयोगी पडतील अशा रीतीने ते लावून ठेवण्याचे काम दिले. साक्षीदार म्हातारे होतात, मरतात, कागद जप्त होतात. १९९०मध्ये विमानतळावर जे घडले ते पुन्हा घडू नये यासाठी कागदांची दुसरी प्रत देशाबाहेर असणे ही माझ्या लेखी फार मोठी गोष्ट आहे. अमेरिकेने २०२०मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख शवेंद्र सिल्वा यांना प्रवेशबंदी केली, कॅनडाने २०२३मध्ये दोन्ही राजपक्षे बंधूंवर आणि ब्रिटनने मार्च २०२५मध्ये तीन माजी लष्करी व नौदल प्रमुख अधिकाऱ्यांसह लिट्टेतून फुटलेल्या करुणा यांच्यावर निर्बंध घातले. हा न्याय नव्हे. मात्र पदक लावून जगभर सन्मानाने फिरण्याची मुभा त्यामुळे संपते.

सध्याचे राष्ट्राध्यक्ष अनुरा कुमार दिसानायके हे त्याच जनता विमुक्ती पेरामुनाचे नेते आहेत, ज्याच्या तरुणांच्या फायली १९९०मध्ये जप्त झाल्या होत्या. तरीही त्यांचे सरकार बाहेरची पुरावा यंत्रणा नाकारते. दरम्यान जाफन्याजवळच्या चेम्मणीत २०२५च्या उत्खननात दोनशेहून अधिक सांगाडे निघाले. त्यांत लहान मुलांचेही आहेत. तिथे शेकडो प्रेते पुरल्याचे एका शिक्षा झालेल्या सैनिकाने १९९८मध्येच न्यायालयात सांगितले होते. त्यानंतरच्या वर्षी पंधरा सांगाडे काढून ते काम थांबले होते.

२०१२ आणि २०१३मध्ये भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांना पाठिंबा दिला, त्यामागे तमिळनाडूतील पक्षांचा दबाव होता. २०१४, २०२१ आणि २०२२मध्ये तो तटस्थ राहिला. प्रत्येक वेळी आपले प्रतिनिधी प्रांतांना अधिकार देणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीविषयी आणि प्रांतिक परिषदांविषयी बोलतात. ते मुद्दे महत्त्वाचे आहेतच, पण चेम्मणीतल्या हाडांची ओळख त्यांनी पटणार नाही. न्यायवैद्यक तज्ज्ञ, डीएनए तपासणीच्या प्रयोगशाळा आणि त्यासाठी लागणारा पैसा भारताकडे आहे. दिल्लीने हे सारे देऊ करावे, पुरावा जतन करण्याच्या कामाला उघड पाठिंबा द्यावा आणि त्याबरोबरच जाफना रुग्णालयाविषयीची आपली कागदपत्रे खुली करावीत.