रानातलं ज्ञान ऑनलाइन टाकायचं, पण कोणाला विचारून?

पावसाळा लागला की आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळ, धडगाव, मोलगी साइडच्या रील्सचा नुसता पूर येतो. धबधबे, धुकं वगैरे ठीक आहे, पण आता त्याच्या पुढं जाऊन 'सातपुड्यातली गुप्त जडीबुटी' असलं काय काय सुरू झालंय आणि खाली कमेंटमध्ये लोकेशन टाका, भाव काय, कुरिअर करता का. शहाद्यात आमच्या मित्रमंडळीत यावरून नेहमी वाद होतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतंच, अरे भो, ज्ञान वाटल्यानं वाढतं. वाढतं ना, मी कुठं नाही म्हणतो, पण ते ज्या आदिवासींचं आहे त्यांनी वाटायचं, आपण मोबाईल काढून परस्पर वाटणारे कोण?

सफेद मुसळीचंच घ्या. पहिल्या पावसात तिची कोवळी पानं भाजीला खुडतात, ते सगळ्यांना माहिती. पण जमिनीखाली बोटासारखे पांढरे कंद असतात, त्याला बाजारात पैसा आहे. रील काढणारा श्रावणात जातो कारण तेव्हा झाड हिरवं, फुलावर असतं, कॅमेऱ्यात छान दिसतं, ओळखायला पण सोपं. आणि बघणारा तेव्हाच जाऊन उपटतो. खरं तर त्या वेळी कंद भरलेलाच नसतो! जाणता माणूस जागा लक्षात ठेवतो, पानं वाळून बी पडू देतो आणि मग खणतो, तेही वरचा डोळ्याचा भाग परत मातीत लावून, म्हणजे पुढच्या वर्षी तिथंच फुटेल. आता रीलमध्ये काय आलं तर झाडाचं नाव, फोटो आणि फायदे. थांबायचं कधी, सोडायचं किती, हे आलंच नाही, आणि माझ्या मते खरं ज्ञान ते होतं. धडगावकडचा माझा एक पावरा आदिवासी मित्र आहे, मास्तर आहे, तो म्हणतो, "भाऊ, आमचे बाबा मला पण सगळं एकदम नाही सांगत, आधी बघतात हा पोरगा खणतो कसा." आणि आपण ते तीस सेकंदात अख्ख्या जगाला सांगून मोकळे.

यावर एक मुद्दा हमखास येतो, हळदीचा. 1995 मध्ये जखम भरायला हळद वापरायचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं, मग डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर, म्हणजे आपली सरकारी संशोधन परिषद, लढली, जुने ग्रंथ आणि छापील पुरावे दाखवले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. म्हणजे लिहिलेलं होतं म्हणून वाचलो, म्हणून सगळं लिहून ऑनलाइन टाका, असं लोक म्हणतात. मुद्दा अर्धाच बरोबर आहे. त्याच्यानंतर 2001 मध्ये पारंपरिक ज्ञानाची डिजिटल लायब्ररी सुरू झाली ना, ती काय कोणीही उघडून बघावी अशी ठेवली नाही, पेटंट ऑफिसांशी गोपनीयतेचा करार करून त्यांना बघायला दिली. सरकारला स्वतःला कळत होतं की पुरावा असणं वेगळं आणि बाजारात मांडून ठेवणं वेगळं. आणि त्यात मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतलं आहे. पाड्यावरच्या म्हातारीला जे तोंडपाठ आहे त्याला ग्रंथ कुठला आणणार?

केरळच्या काणी आदिवासींची गोष्ट मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते. 1987 मध्ये अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांबरोबर वाटाडे म्हणून आलेले काणी चालता चालता एक फळ खात होते आणि दमत नव्हते, शास्त्रज्ञांनी फार विचारलं तेव्हा कुठं त्यांनी नाव सांगितलं, आरोग्यपाचा. त्यातून 'जीवनी' नावाचं औषध निघालं, 1995 मध्ये एका कंपनीला दिलं आणि पैशातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, 1997 मध्ये त्यांचा ट्रस्ट पण झाला. जगभर या उदाहरणाचं कौतुक झालं. पण त्यांच्यातल्याच काही वैदूंचा आक्षेप होता, की आम्हाला कोणी विचारलं? आणि मागणी वाढल्यावर जंगलातलं ते झाड चोरून उपटायला लागले ते वेगळंच. एवढं चांगल्या मनानं केलेलं काम, तरी दोघातिघांनी सांगितलं म्हणजे अख्ख्या समाजानं सांगितलं असं धरलं की कुरबुर होतेच.

कायदा आहे बरं का आपल्याकडे. 2006 च्या वनहक्क कायद्यात जंगलाविषयीच्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क सरळ लिहिलेला आहे. समूहाचा, एकट्याचा नाही. म्हणून 'आजोबांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर सांगितलं' एवढी परवानगी मला पुरेशी वाटत नाही. आजोबा समोरच्या पोराला सांगत होते, हे कुठं कुठं जाणार ते त्यांना कोणी समजावलं होतं का? आणि एकदा गेलं की परत घेता येत नाही, आता तर एआयवाले पण नेटवरचं सगळं उचलतात.

काठी गावच्या आदिवासी होळीचं पण तेच. नाच बघा, ढोल ऐका, ते सगळ्यांसाठीच आहे, पण नवसाची पाळणी, म्हणजे व्रत, करणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरायचा, पूजा चालू असताना वरून ड्रोन फिरवायचा, हे मला बघवत नाही.

दुसरी बाजू पण खरी आहे, नाकारून चालणार नाही. पोरं सुरत-नाशिकला कामाला जातात, म्हातारी माणसं जातात आणि त्यांच्याबरोबर सगळंच जातं. म्हणून रेकॉर्डिंग झालंच पाहिजे, पावरी-भिली बोलीत झालं पाहिजे, फक्त ते कोणी बघायचं हे गावानं ठरवावं. ऑस्ट्रेलियात तिथल्या वारुमुंगू आदिवासींबरोबर 'मुकुर्तू' नावाचं सॉफ्टवेअर तयार झालंय, त्यात कोणती गोष्ट कोणाला दिसेल हे समाजच ठरवतो. जमतं म्हणजे.

मित्राच्या पाड्यावर या उन्हाळ्यात बैठक बसली होती, बायका पण होत्या आणि त्याच जास्त बोलल्या. ठरलं असं की भाज्या आणि त्या रांधायची रीत खुशाल टाका, होळीची गाणी टाका पण गावाचं नाव लावून, मुळ्या आणि जागा अजिबात नाही, आणि बाळंतपणाचं औषध रेकॉर्ड करायचं पण पाड्याबाहेर द्यायचं नाही. आता फक्त हार्ड डिस्क कोणाकडे ठेवायची यावर घोडं अडलंय. शाळेत ठेवावी तर मास्तरची बदली होते, ग्रामपंचायतीत ठेवावी तर पाच वर्षांनी माणसं बदलतात, आणि बायकांचं म्हणणं की ती आमच्या बचत गटाच्या पेटीत राहू द्या, चावी तिघींकडे असते.