मुसक्याची सवय लावताना: माझा अनुभव

सार्वजनिक जागेतल्या पाटीवर कुत्र्यांबद्दल साधारण तीन तऱ्हेची वाक्यं असतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. ‘कुत्र्यांना मनाई’ म्हणजे लीश (कुत्र्याला धरायची दोरी) हातात असली तरी आत शिरायचं नाही. ‘लीश बांधूनच’ म्हणजे पूर्ण वेळ. ‘सांगितल्यास लीश बांधावी’ म्हणजे एरवी मोकळं सोडता येतं, पण सांगितलं की तिथल्या तिथे बांधायचं. लीश गाडीत राहिली असेल तर तुम्ही चुकलात. माझ्या कुत्र्याला जिथे न्यायचं होतं, तिथल्या पाटीवर माझं काम अडलं ते पुढच्या ओळीवर: वर्दळीत मुसकं सक्तीचं.

लीशचा प्रश्न लवकर मिटला. पाटीनुसार कमाल लांबी २ मीटर होती. आपोआप गुंडाळली जाणारी लीश साधारण ५ मीटरपर्यंत सुटते, म्हणून ती बाद. तशीही ती मला आवडत नाही. तिच्यात सतत ताण असतो, त्यामुळे ओढलं की दोरी मिळते हेच कुत्रा शिकतो. १.८ मीटरची साधी चपटी लीश घेतली.

मुसक्याला मात्र तीन आठवडे लागले. पहिली चूक खरेदीतच होते. कापडी नळीसारखं मुसकं स्वस्त आणि देखणं, पण त्यात तोंड मिटलेलं राहतं. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. तेच बंद केलं तर उन्हात उष्माघात ठरलेला. कापडी मुसकं डॉक्टरांच्या टेबलावर चार-दोन मिनिटांपुरतं ठीक. फिरायला जाळीच्या टोपलीसारखंच हवं. त्यात जीभ बाहेर येते आणि पाणीही पिता येतं.

मापं दोन महत्त्वाची. नाकाच्या टोकापासून डोळ्यांच्या खाली साधारण एक सेंटीमीटरपर्यंतची लांबी, आणि थोबाडाच्या सर्वांत जाड भागाचा घेर. घेर तोंड मिटवून घेतला की मुसकं हमखास घट्ट येतं, म्हणून धापा टाकताना घ्यायचा. नाकापुढे बोटभर जागा मोकळी राहिली पाहिजे, वरची कड डोळ्यांत जाता कामा नये. बसक्या नाकाच्या जातींना नेहमीचा आकार बसतच नाही, त्यांचा वेगळा मिळतो.

सवय लावताना मुसकं कुत्र्याच्या तोंडावर न्यायचं नाही. कुत्र्याने तोंड मुसक्यात घालायचं. पहिले चार दिवस मी ते नुसतं वाटीसारखं धरलं आणि आतल्या बाजूला चाटता येईल असा मऊ खाऊ लावला (शेंगदाण्याचं बटर वापरणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही ना, ते बघा; कुत्र्यांना ते विष आहे). तो स्वतःहून नाक खुपसू लागल्यावर पट्टा मानेमागे नुसता धरला, बांधला नाही. मग ५ सेकंद बांधून सोडला, मग १५, मग मिनिट. दहाव्या दिवशी घरातल्या घरात चालणं, त्यानंतर बाहेर.

मध्येच तो पंजाने ओरबाडायला लागला. याचा अर्थ घाई झाली. अशा वेळी रागावून उपयोग नाही आणि ओरबाडत असतानाच काढलं तर ‘ओरबाडलं की सुटतं’ हा धडा पक्का. मी त्याला दोन पावलं चालवलं, शांत झाला त्या क्षणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवरून सुरुवात केली. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: मुसकं फक्त दवाखान्यात जाताना घातलं तर ते दिसताच कुत्रा पलंगाखाली जातो. निम्म्या वेळा काहीच कारण नसताना घालायचं.

पट्टा कानांच्या लगेच मागे, एक बोट जाईल इतका. सैल राहिला तर कुत्रा दोन झटक्यांत मुसकं काढतो, म्हणून मी मुसक्याच्या पट्ट्यालाच एक छोटी पट्टी लावून ती गळपट्ट्याला अडकवली. बाहेरून आल्यावर नाकाच्या दांड्यावरचे केस बघतो. तिथे टक्कल दिसलं तर आतून मऊ अस्तर लावायचं. लाली असेल तर मुसक्याला सुट्टी, आणि तोवर वर्दळीच्या रस्त्यालाही.