हातावर थुंकणारा मास्तर

"काका, तुमच्यासारखाच एक मास्तर हाय इकडं," असं लिहून पुतण्यानं डब्लिनहून व्हिडिओ धाडला. मैदानाच्या कडेला टोपी घातलेला एक धिप्पाड म्हातारा. सामना सुरू व्हायच्या बेताला त्यानं दोन्ही तळहातांवर थुंकी टाकली, हात खसाखसा चोळले आणि पाय रोवून उभा राहिला. कुऱ्हाड उचलायच्या आधी आमचे आबा हुबेहूब असंच करायचे. मी तिथंच त्या माणसाच्या नादी लागलो.

त्याचं नाव ब्रायन कोडी. गाव आयर्लंडातलं किलकेनी, खेळ तिकडचा हर्लिंग. पंधरा-पंधरा गडी, हातात हर्ली नावाची टोकाला वळलेली लाकडी काठी आणि चामड्याचा लहानसा चेंडू. दोन खांबांमधल्या आडव्या दांडीच्या खालून जाळ्यात घातला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून गेला तर एक. मोठे सामने सत्तर मिनिटांचे. पुतण्या म्हणला, विटी-दांडू आणि हॉकीचं भांडण लागल्यासारखं दिसतं. मला मात्र त्या हर्लीच्या लाकडाचंच जास्त अप्रूप वाटलं. ॲश नावाच्या झाडाचा बुंधा जिथं मुळांकडे वळतो, तिथलं लाकूड त्यासाठी घेतात. रेषाच वाकलेल्या असतात, म्हणून टोकाचं वळण फटक्यानं फाटत नाही. आमच्याकडं सुतार नांगरासाठी मुळातच वाकडी बाभूळ हुडकत रानोमाळ फिरायचा, ते याच हिशोबानं. सरळ लाकूड तासून वाकडं केलं की पहिल्या ढेकळाला मोडतं.

तर कोडी. जन्म 1954 चा, जेम्स स्टीफन्स क्लबचा पोरगा, जागा बचावातली. 1978 च्या अखिल आयर्लंड अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मात्र त्याला पुढं, गोल करायच्या जागेवर उभं केलं. किलकेनी कॉर्क जिल्ह्याच्या संघाकडून हरलं आणि गावी परतल्यावर स्वागताला जमलेल्या आपल्याच माणसांनी त्याची हुर्यो उडवली. हे वाचताना माझ्याच पोटात कालवलं. मॅच हरून आलेल्या पोराला पारावरचे लोक काय काय बोलतात ते मी ऐकलेलं आहे. कोडी घरी बसला नाही. 1982 ला किलकेनी जिंकलं तेव्हा कर्णधार हाच, आणि समोर पुन्हा कॉर्क! 1983 ला परत तेच दोघं, परत तोच निकाल.

पोटापाण्याला तो प्राथमिक शाळेत मास्तर, पुढं मुख्याध्यापक. तिकडं हा खेळ हौशी; खेळाडूंना पगार नाही, प्रशिक्षकालाही नाही. दिवसभर फळा, संध्याकाळी मैदान. 1998 च्या शेवटाला त्यानं किलकेनीचा संघ हातात घेतला तो थेट 2022 पर्यंत. पहिल्याच वर्षी अंतिम सामना एका गुणानं गेला. त्यानंतर अकरा वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद. 2006 ते 2009 सलग चार. पाचवं टिपरेरीनं अडवलं. शेवटच्या अंतिम सामन्यातही लिमरिककडून दोनच गुणांनी हरला आणि आठवड्याभरात मोकळा झाला. आमच्याकडं साधं तालुका कमिटीचं पद सुटत नाही, ते असो.

त्याच्या सरावात शिट्टी फार वाजायची नाही म्हणतात. चेंडू टाकायचा आणि पोरांना भिडू द्यायचं. अन् संघ निवडताना गेल्या सालचं नाव बघायचं नाही, आज मैदानावर काय दिसतंय ते बघायचं. 2003 ला त्याचा कर्णधार चार्ली कार्टर खेळायला मिळेना म्हणून हंगामाच्या मधूनच निघून गेला. कोडीनं त्याला अडवलं नाही, संघ त्या वर्षीही जिंकला. हेन्री शेफलिन म्हणजे या खेळातलं केवढं नाव, दहा अजिंक्यपदं! पण 2014 च्या अंतिम सामन्यात पहिल्या पंधरांत त्यालासुद्धा जागा नव्हती.

मी एकोणीस वर्षांपासून परभणीकडच्या एका गावात पोरांना खो-खो शिकवतो. एवढा एक निर्णय मला एकदाही धड जमला नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आधल्या वर्षी तालुका गाजवलेला माझा एक धावक नुसता हवेत होता. पंधरा दिवस सरावाला फिरकला नाही. विचारलं तर, "येतो की सर, मला काय शिकायचंय?" दुसरा एक पोरगा वस्तीवरून रोज दीड कोस चालत यायचा, काळ्या रानातला चिखल पायाला घट्ट चिकटलेला. आधी काडीनं चिखल काढायचा, मग मैदानात. खांबावर सूर मारायला मीच त्याला शिकवलं. महिनाभर गुडघे सोलून घेतले त्यानं.

आदल्या रात्री नऊ जणांची नावं लिहिली. नाव कुणाचं लिहिलं, सांगायलाच नको. लोक काय म्हणतील, हीच एक भीती. तो गाजलेला गडी दुसऱ्याच पाटीत पाय घसरून बाद झाला, पाठलाग करताना आयता खो सोडला आणि आम्ही दोन गुणांनी घरी आलो. वस्तीवरचा पोरगा पूर्ण वेळ रेषेबाहेर उकिडवा बसून होता, पाठीवर नंबरचा कपडा टाचलेला.

परत निघताना जीपजवळ तो माझ्याकडं आला. रडला नाही, रुसलाही नाही. नंबरच्या कपड्याची नीट घडी करून त्यानं माझ्या हातात दिली, वर टाचण्याच्या पिना ठेवल्या.

"सर, चार हायत. मोजून घ्या."